मॉन्ड्रियनचं झाड, खटावची बाभळ आणि सापकांदा

अमूर्त चित्राखाली 'झाड' किंवा 'समुद्र' असं नाव लिहिलेलं असलं की बघणाऱ्याची पंचाईत होते. नाव नसतं तर एक वेळ रंग बघून पुढं गेलो असतो, पण झाड म्हटलंय म्हटल्यावर आपण झाड शोधायला लागतो, डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो, लांबून बघतो, जवळून बघतो, आणि नाहीच सापडलं की ठेवणीतलं वाक्य काढतो, असलं काय आमचं बारकं पण काढेल. ह्यात बघणाऱ्याची चूक नाही असं माझं मत आहे. शाळेत चित्रकला म्हणजे हुबेहूब काढणं एवढंच शिकवलेलं असतं, मधला रस्ता कुणी दाखवलेलाच नसतो. म्हणजे समोर खरं झाड, आणि इकडं कॅनव्हासवर नुसत्या रेघा, ह्या दोन टोकांच्या मधे चित्रकारानं काय काय केलं ते कळलं तर निम्मं काम होतं. तेवढंच सांगतो.

लग्नपत्रिकेच्या मागं कार्यालयाचा नकाशा छापलेला असतो बघा. साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून एक जाड रेघ, मधे एक पेट्रोल पंप, एक वडाचं झाड, आणि मग चौकोन, त्यात कार्यालयाचं नाव. आता त्या रस्त्यावर प्रत्यक्षात शेकडो दुकानं आहेत, डझनभर झाडं आहेत, पण नकाशात एकच झाड आहे कारण तिथून डावीकडं वळायचंय. कुणी म्हणत नाही की नकाशावाल्याला झाडं काढता येत नाहीत. पाहुणा पोचला पाहिजे एवढंच ठरलंय, म्हणून बाकीचं गाळलं. अमूर्ताकडं जाणारा चित्रकार हेच गाळायचं काम करतो, फक्त त्याला कुठं पोचायचंय ते आधी माहीत नसतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तो काढता काढता ठरवतो, आणि त्यात वर्षं जातात.

वर्षं कशी जातात ते बघायचं तर पीट मॉन्ड्रियन. हॉलंडचा माणूस, जन्म १८७२. काळ्या रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन, असली चित्रं तुम्ही पाहिली असणारच, ड्रेसवर, मगवर, कुठंही छापतात. पण हा चौकोनातनं जन्माला आलेला नव्हता. तिशीपर्यंत तो रीतसर निसर्गचित्रं काढायचा, पवनचक्क्या, नदीकाठ, शेतातली घरं, सगळं हुबेहूब आणि चांगलं.

१९०८ ते १९१० च्या दरम्यान त्यानं एक झाड काढलं, 'संध्याकाळ, लाल झाड' म्हणून ओळखतात. झाड ओळखू येतं, खोड आहे, फांद्या दोन्ही बाजूंना पसरल्यात, काहीच अडचण नाही. पण खोड लाल, आणि मागं सगळं निळं. म्हणजे पहिल्यांदा त्यानं काय सोडलं, तर झाडाचा खरा रंग. आकार मात्र ठेवला. मग १९११ चं 'करडं झाड'. इथं त्यानं रंग जवळजवळ संपवलाच, करडा आणि काळा, आणि खरी गंमत पुढं आहे, फांद्यांच्या मधलं जे आभाळ असतं ना, ते पण त्यानं जाड जाड फटकाऱ्यांनी रंगवलं, फांदीला जेवढं वजन तेवढंच आभाळाला. त्यामुळं झालं काय, पुढं झाड आणि मागं आभाळ हा हिशोबच मोडला. सगळं एकाच पातळीवर आलं. पिकासो आणि ब्राकची क्युबिस्ट चित्रं, म्हणजे वस्तूचे तुकडे पाडून ते सपाट मांडलेली, त्यानं ह्याच सुमारास पाहिली होती, त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो, आणि लगेच नंतर तो पॅरिसलाच राहायला गेला.

तिसरं चित्र १९१२ चं, 'फुललेलं सफरचंदाचं झाड'. ह्यात खोड असं वेगळं सापडत नाही. नुसत्या वाकड्या रेघा एकमेकींना कापत गेल्यात, त्यांच्यामधे पानासारखे, डोळ्यासारखे कप्पे तयार झालेत, मधे दाटी आहे आणि कडेला सगळं विरळ होत जातं. हे एकटं चित्र समोर आलं असतं तर मी पण झाड म्हटलं नसतं. पण आधीची दोन बघून आलं की कळतं की मधली दाटी म्हणजे खोडाजवळची दाटी आहे, आणि कडेचं विरळपण म्हणजे फांद्यांची टोकं. झाडाचं नाव पुसलं गेलं पण झाड ज्या पद्धतीनं जागा व्यापतं ती पद्धत तशीच राहिली.

पुढं १९१४-१५ ला तो समुद्राकडं वळला, किनाऱ्यावरून पाण्यात घुसलेला लाकडी धक्का आणि लाटा, त्या चित्रांत तर वाकडी रेघ पण गेली, आडव्या-उभ्या बारीक रेघा राहिल्या, अधिक-उण्याच्या खुणा सांडल्यासारख्या. आडवी रेघ म्हणजे पाणी, उभी म्हणजे धक्क्याची पाण्यात घुसायची धडपड. आणि तिथून १९२० नंतरचे चौकोन फार लांब नाहीत. तो १९०९ मधे थिऑसॉफिकल सोसायटी ह्या अध्यात्मवाल्या संस्थेत गेला होता, तीच जिचं मुख्य ठिकाण आपल्या मद्रासला अड्यारला आहे, आणि उभं-आडवं म्हणजे जगातल्या दोन विरुद्ध शक्ती असलं तत्त्वज्ञान त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळं त्याला ते चौकोन म्हणजे निसर्गाचं सार वाटायचं. मला विचाराल तर १९१२ चं झाड हे त्याचं सगळ्यात जिवंत चित्र आहे, चौकोन बघून माणूस मान डोलावतो पण तिथं थांबावंसं वाटत नाही. नंतर नंतर तर म्हणे त्याला हिरवा रंगच नकोसा झाला होता, पॅरिसच्या स्टुडिओत एक नकली ट्यूलिप ठेवलेलं होतं त्याचं पान पण त्यानं पांढरं रंगवलेलं असं सांगतात. इतकं पण टोक बरं नाही.

कॅमेरा आला म्हणून चित्रकार अमूर्ताकडं वळले असं कुठंही वाचायला मिळतं, त्याच्याबद्दल जाता जाता. फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ ला आणि अमूर्त चित्रं आली १९१० च्या आसपास. मधे सत्तर वर्षं आहेत. कॅमेऱ्यानं हुबेहूबपणाचा भाव उतरवला हे खरं, पण दार खरं उघडलं ते सेझान ह्या फ्रेंच चित्रकारानं, एकच डोंगर परत परत काढून. १९०४ मधे एका तरुण चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की निसर्गाकडं दंडगोल, गोल आणि शंकू असं बघ. बस, पुढच्या पिढीनं तेच धरून ठेवलं.

आता हे स्वतः करून बघायची एक सोपी पद्धत आहे. भाचा यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतोय म्हणून त्याला घेऊन उन्हाळ्यात रहिमतपूर, पुसेसावळी करत औंधच्या बाजूला गेलो होतो, तिकडं खटावात बाभळी भरपूर. एका बाभळीसमोर बसवलं, हातात फोर बी पेन्सिल आणि कार्ट्रिज पेपर. पहिलं चित्र म्हटलं दिसतं तसं काढ, काढलं त्यानं, चांगलं काढलं, खोडाच्या भेगा-बिगा सगळं. मग म्हटलं आता फांदी एकही काढायची नाही, फांद्यांच्या मधून दिसणारे आभाळाचे तुकडे तेवढे काढ. हे अवघड जातं कारण आपला डोळा वस्तूवर बसलेला असतो, मधल्या मोकळ्या जागेवर नाही. पण जमायला लागलं की कागदावर कुठं त्रिकोणी, कुठं चिंचोळे, कुठं फाटके असे तुकडे येतात आणि झाड न काढता झाड उमटतं. मॉन्ड्रियननं करड्या झाडात जे केलं त्याचा हा पहिला धडा.

तिसऱ्या वेळी म्हटलं डोळे अर्धे मीट आणि दहाच रेघांत बाभळ दाखव. इथं आमचं वाजलं. माझ्या मते खोडाचा तिरकेपणा आणि वरचा छत्रीसारखा सपाट पसारा ठेवायला पाहिजे होता, बाकी जाऊ दे, आणि मी माझ्या कागदावर तसंच काढलं. तो म्हणाला, "मामा, काटे गाळले तर ती बाभळ कशी राहील?" बाभळीचे काटे जोडीनं येतात, पांढरे, सरळ, लांब, पेराजवळ दोन दोन. त्यानं काय केलं, खोड सोडलं, पसारा सोडला, आणि नुसते काट्यांचे जोड ठेवले, दहाची अट पण मोडली. अख्ख्या कागदावर दोन दोन रेघांचे कोन, कुठं गर्दी, कुठं एकटे, सगळे वेगवेगळ्या दिशांना रोखलेले. बघितलं की हात मागं घ्यावासा वाटतो. माझ्या दहा रेघांपेक्षा ते चित्र सरस होतं हे कबूल करायला पाहिजे. एकाच बाभळीची दोन चित्रं, दोन्हीत बाभळ दिसत नाही, दोन्ही बाभळीतनंच आलीत, आणि दोन्हीत काही म्हणजे काही सारखं नाही. अमूर्तात चित्रकाराचं 'मी' कुठं असतं म्हणतात, तर ते इथं असतं, काय ठेवलं त्यात.

इंटरमिजिएटवरून आठवलं, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती परीक्षा दिली असेल, त्यात संकल्पचित्र असतं. दिलेल्या आकारात पानाफुलांचे आकार साधे करून बसवायचे, पोस्टर कलरनं सपाट रंगवायचं, रंग कडेबाहेर गेला की मार्क गेले. मग ते पण निसर्गाचं अमूर्त रूपच झालं की, असं कुणी म्हणेल. नात्यातलं आहे, पण एक फरक आहे. तिथं आकृती आधी ठरलेली असते, फुलाला तिच्यात मुकाट बसायचं असतं. पाकळी लांब असली तर आखूड करायची, देठ वाकडा असला तर सरळ करायचा. दारातल्या रांगोळीतलं गोपद्म घ्या किंवा पैठणीवरचा मोर घ्या, पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून फिरून तो आकार घोटीव झालाय, आता कुणी गाईचं पाऊल समोर ठेवून गोपद्म काढत नाही. ते सुंदर आहे, त्याला कमी लेखायचं कारणच नाही, आणि खरं सांगायचं तर ज्या घरात रांगोळी निघते त्या घरातल्या माणसानं मला अमूर्त कळत नाही म्हणावं ह्याचं मला नवल वाटतं. पण आधुनिक चित्रकार तयार आकृतीपासून निघत नाही. तो समोरच्या एका विशिष्ट झाडापासून, एका विशिष्ट फुलापासून निघतो आणि शेवटची आकृती कशी असेल हे त्याला निघताना माहीत नसतं.

फुलाचं म्हणाल तर जॉर्जिया ओकीफ. अमेरिकन बाई, जन्म १८८७, आयुष्य ९८ वर्षांचं. तिची वाट मॉन्ड्रियनच्या उलटी. तो झाडापासून लांब लांब गेला, ही जवळ जवळ गेली. १९३० मधे तिनं एकाच फुलाची सहा चित्रं केली, त्यातली पाच आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. फूल कुठलं, तर ॲरिसेमा जातीतलं, तिकडच्या जंगलात येतं. आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडं आहे, सापकांदा! पावसाळा सुरू झाला की महाबळेश्वरला, साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या वाटेवर झाडीखाली जमिनीतनं उभा राहतो, आधी फूल येतं मग पान, आणि वरनं पांढरा फडा पुढं झुकलेला, हुबेहूब नाग. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. वाकून फड्याच्या खाली बघितलं तर आत घशाशी जांभळट रंग उतरलेला असतो आणि मधोमध एक दांडी उभी असते. खरी बारीक बारीक फुलं त्या दांडीच्या बुडाशी, आपण ज्याला फूल म्हणतो ती नुसती गुंडाळी.

ओकीफच्या पहिल्या चित्रात हे सगळं नीट आहे, फडा, पट्टे, पान. मग ती एकेका चित्रात आत शिरत जाते. पान जातं. फड्याची कड कॅनव्हासच्या बाहेर जाते. पट्टे वितळून उभ्या लाटा होतात. आणि सहाव्या चित्रात उरते फक्त ती मधली दांडी, काळीभोर, तिच्याभोवती उजेडाची एक पांढरी कड, आणि बाकी अंधार. सहावं एकटं बघितलं तर ते काय आहे कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही, पण ह्या बाईनं खोटं काही काढलेलं नाही. प्रत्येक आकार त्या फुलात आहे, तिनं फक्त बाकीचं फूल दाराबाहेर ठेवलं. लहानपणी शाळेतल्या एका चित्रकलेच्या बाईंनी हेच फूल हातात धरून त्याचे आकार आणि रंगाच्या छटा दाखवल्या होत्या अशी आठवण तिनं सांगितली आहे. शिक्षक भेटावा तर असा. समीक्षकांनी तिच्या फुलांत नको नको ते अर्थ बघितले, ती वैतागून आयुष्यभर नाही म्हणत राहिली.

तिसरी वाट आठवणीची, तिथं आपला सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मध्य प्रदेशातल्या मंडला भागात, वडील वनखात्यात, त्यामुळं बालपण नर्मदेच्या जंगलात. मुंबईला प्रोग्रेसिव्ह ग्रुप ह्या नव्या चित्रकारांच्या गटात होता, १९५० ला पॅरिसला गेला आणि पुढची साठेक वर्षं तिकडंच राहिला. सुरुवातीला घरं, चर्च, गावं असली ओळखू येणारी चित्रं. मग हळूहळू घरं विरघळली, रंगाचे जाड थर राहिले, आणि नावं यायला लागली 'राजस्थान', 'सौराष्ट्र'. आता ह्यात वाळवंट किंवा किल्ला शोधायला गेलात तर काही हाती लागणार नाही, त्यानं ठेवलाय तो रंगांचा आपसातला हिशोब, तांबडं किती, त्यात काळं कुठं, पिवळं कुठून फुटतं.

हे कळायला सप्टेंबरात कासला जा. २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून गर्दी फार, तरी जा. कातळाच्या काळ्या सड्यावर तेरड्याचा गुलाबी पट्टा, त्याच्या पलीकडं सोनकीचा पिवळा, मधे गेंदाचे पांढरे ठिपके, खाली ओलीला सीतेची आसवं जांभळी-निळी, आणि वर धुकं आलं की सगळ्यावर दुधी पडदा. तिथं उभं राहून काढाल तर फुलं मोजत बसाल, मोबाईलमधे तर प्रत्येक फूल वेगळं येतं. त्यापेक्षा घरी या, दोन-चार महिने जाऊ द्या, आणि मग फोटो न बघता काढा. नावं विसरलेली असतात, पाकळ्या किती ते आठवत नाही, पण गुलाबी जास्त होतं की पिवळं, आणि काळा मधून कसा दिसत होता, हे पक्कं आठवतं. रझा पॅरिसमधे बसून मध्य प्रदेशचं जंगल असंच काढत होता. पुढं ते जंगल, ती नदी, ती रात्र सगळं आटत आटत एका काळ्या वर्तुळात आलं, त्याचा प्रसिद्ध बिंदू. लहानपणी चंचल पोराचं लक्ष लागावं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडं बघत बस म्हणून सांगितलं होतं, ते तो सांगायचा. बिंदूची चित्रं नंतर फार झाली, त्यात काही नुसती शोभेची वाटतात, पण सत्तरच्या दशकातलं त्याचं काम बघताना खरंच अंगावर येतं.

एक सावधगिरी. प्रत्येक अमूर्त चित्रामागं कुठलंतरी झाड असतंच असं नाही. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४ नागपूरचा, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला, त्याच्या चित्रांत लोकांना क्षितिज दिसतं, पाण्याखालचा उजेड दिसतो, पण तो स्वतः अमूर्त हा शिक्का पण नको म्हणायचा, माझी चित्रं वस्तूविरहित आहेत म्हणायचा. म्हणजे झाडापासून सुरुवात करून झाड गाळलं असं नाही, सुरुवातच रंगापासून. रोलरनं रंग फिरवायचा, पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या सुरीनं, खरवडायचा, कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे, मग बघत बसायचं. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. त्यामुळं त्याच्या चित्रासमोर हे मूळचं काय होतं असं विचारण्यात अर्थ नाही. मॉन्ड्रियन, ओकीफ, रझा ह्यांना मात्र तो प्रश्न बेधडक विचारा. आणि शक्य असेल तर त्या चित्रकाराची आधीची दोन-तीन चित्रं शेजारी ठेवून बघा, एकटं शेवटचं चित्र बघून कुणालाच काही कळत नाही, मोठमोठे टीकाकार पण आधीचं बघूनच बोलत असतात.

नकली माल पण खूप आहे हे पण सांगायला पाहिजे. सोफ्याच्या कव्हरला मॅच होणारं अमूर्त चित्र करून देणारे लोक आहेत. चिकटवायचं टेक्स्चर, त्यावर सोनेरी रंग, नाव 'निसर्ग'. ओळखायची माझी साधी खूण अशी की त्यातला एक आकार बोटानं झाकून बघायचा. झाकल्यावर चित्राचं काहीच बिघडत नसेल तर तो आकार तिथं उगाच आहे. १९१२ च्या त्या झाडात एक रेघ झाकून बघा, लगेच भोक पडल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्ष बघायचं तर एवढ्या लांब वॉशिंग्टनला कशाला, औंधला जा. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, १९३८ चं, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, ते स्वतः पण चित्रकार होते. तिथं रवी वर्म्याची चित्रं आहेत आणि त्याच इमारतीत हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प आहे. साताऱ्यातल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही. आधी रवी वर्मा बघा, दागिन्यातला खडा न्‌ खडा, साडीची चुणी न्‌ चुणी. मग मूरकडं या आणि आई आणि मूल ह्या विषयातलं त्यानं काय काय सोडून दिलंय आणि काय धरून ठेवलंय ते बघा, समोरून बघून निघू नका, जमेल तेवढं बाजूनं पण बघा.

मूर शिल्पकार, पण निसर्गातनं आकार कसा येतो हे त्यानं चित्रकारांपेक्षा सोपं करून लिहिलंय. हाडं, शंख-शिंपले आणि समुद्राकाठचे गोटे ह्यांच्यावर त्याचं फार लक्ष असायचं. तो सांगतो की लागोपाठ काही वर्षं मी एकाच किनाऱ्यावर जात होतो, आणि दर वर्षी एक नवाच आकाराचा गोटा नजरेत भरायचा, जो आदल्या वर्षी पण तिथं शेकड्यानं पडलेला होता पण मला दिसलाच नव्हता.

भाच्याला हे सांगितल्यापासून तो संगम माहुलीला गेला की खिसे भरून गोटे आणतो, खिडकीत मांडतो आणि ताई माझ्या नावानं बोटं मोडते, खिडकी पुसता येत नाही म्हणून. त्याला एकच ताकीद दिलीय, परीक्षेच्या पेपरात तांब्या ठेवला तर तांब्याच काढायचा, काठासकट, बुडाच्या सावलीसकट. काट्यांचे जोड निकालानंतर.